चिखलात ट्रेलरचे चाक फिरवणारा शाफ्ट का पिळतो आणि कसा निवडावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका अ‍ॅक्सलचा ट्रेलर, भरल्यावर अ‍ॅक्सलवर साधारण चार टन भार. खाली जुन्या ट्रकचा डिफरन्शियलसकट मागचा अ‍ॅक्सल बसवलाय आणि तो ट्रॅक्टरच्या पीटीओवरून (यंत्रे फिरवण्यासाठी ट्रॅक्टरच्या मागे असलेल्या फिरत्या दांड्यावरून) शाफ्टने फिरवायचा आहे, म्हणजे चिखलात ट्रॅक्टरबरोबर ट्रेलरची चाकेही रेटा देतील. ५० अश्वशक्तीचा तयार पीटीओ शाफ्ट घेतला, तर पहिल्याच चिखलात त्याची आतली नळी पिळली गेली. आता किती अश्वशक्तीचा शाफ्ट घ्यावा?

अश्वशक्तीवरून शाफ्ट निवडला तिथेच गणित चुकले. रोटाव्हेटरच्या शाफ्टवर लिहिलेली अश्वशक्ती ही मिनिटाला ५४० फेऱ्यांसाठी असते. ट्रेलर मात्र ग्राउंड स्पीड पीटीओवर चालतो, म्हणजे ट्रॅक्टरचे चाक जितके फिरेल त्या प्रमाणातच पीटीओ फिरतो. चिखलात ताशी पाच किलोमीटरने जाताना तो शाफ्ट मिनिटाला जेमतेम दोनशे फेऱ्या घेतो, आणि फेऱ्या कमी झाल्या की तेवढ्याच शक्तीला टॉर्क वाढतो. सूत्र साधे आहे: टॉर्क (न्यूटन-मीटर) = ९५५० × किलोवॅट ÷ मिनिटाच्या फेऱ्या. ५० अश्वशक्ती म्हणजे ३६.८ किलोवॅट. ५४० फेऱ्यांना त्याचा टॉर्क ६५० न्यूटन-मीटर होतो. तुमच्या शाफ्टची नेहमीच्या कामाची ताकद तेवढीच आहे.

आता ट्रेलर किती मागतो ते पाहू. इथे इंजिन किती ताकदीचे आहे याला महत्त्व नाही. चाक घसरण्याआधी जमिनीला किती धरून राहते, त्यावर सगळे ठरते. अ‍ॅक्सलवर ४,००० किलो म्हणजे ३९,२४० न्यूटन. मऊ चिखलात नक्षीदार टायरची पकड भाराच्या ०.४ पट धरा, भरल्या चाकाची त्रिज्या ०.४५ मीटर आणि क्राउन-पिनियनचे (अ‍ॅक्सलमधली मोठ्या-लहान गिअरची जोडी, शाफ्ट लहान पिनियनला जोडतो) प्रमाण ६ ला १.

चाकांवरचा टॉर्क = ३९,२४० × ०.४ × ०.४५ = ७,०६० न्यूटन-मीटर.
पिनियनवर = ७,०६० ÷ ६ = १,१८० आणि दहा टक्के नुकसान धरून सुमारे १,३००.

हा झाला चिखलातला टॉर्क. त्याच चाकाखाली अचानक कडक थर, मुरूम किंवा बांधाचा दगड आला की पकड ०.८ पर्यंत जाते आणि पिनियनवरचा टॉर्क २,६०० होतो. पाच किलोमीटर वेगाला पिनियन १७७ फेऱ्या घेतो, म्हणजे १,३०० न्यूटन-मीटरला लागणारी शक्ती फक्त २४ किलोवॅट, ३३ अश्वशक्तीच्या आसपास. ३३ अश्वशक्तीच्या कामाला ५० अश्वशक्तीचा शाफ्ट पुरेसा वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात त्याच्यावर दुप्पट टॉर्क नेहमीचा पडत होता आणि चौपट अधूनमधून. नळी पिळली हे बरेच झाले, नाहीतर ट्रॅक्टरच्या आतले काहीतरी गेले असते.

म्हणून मोठा शाफ्ट शोधण्याआधी टॉर्कला मर्यादा घाला. नुसता जाड शाफ्ट बसवला तर मोडण्याची जागा पुढे सरकते, आणि पुढे ट्रॅक्टरचा पीटीओ आहे. सहा खाचांचा १ ३/८ इंची पीटीओ स्टब खाचांच्या तळाशी सुमारे ३० मिमी व्यासाचा असतो. त्यावर १,२०० न्यूटन-मीटर टाकले तर पिळाचा ताण २२६ मेगापास्कल येतो, तो चांगले पोलाद सहन करते. २,४०० टाकले तर ४५० च्या वर जातो, आणि त्यावर उलटसुलट धक्के असतील तर तो स्टब फार दिवस टिकत नाही. स्टब तुटला की ट्रॅक्टरचे मागचे हाउसिंग उघडावे लागते. शिवाय बऱ्याच ट्रॅक्टरांत ग्राउंड स्पीडची गिअरजोडी नेहमीच्या पीटीओपेक्षा नाजूक असते. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत त्या जोडीसाठी वेगळी मर्यादा दिली असेल तर तीच शेवटची. वरचे सगळे गणित तिच्या खाली बसले पाहिजे. बसत नसेल तर ट्रेलरमध्ये माल कमी भरावा लागेल.

मर्यादेसाठी दोन साधने आहेत, शिअर बोल्ट आणि स्लिप क्लच. शिअर बोल्ट स्वस्त आणि भरवशाचा. एम ८, ८.८ ग्रेडचा बोल्ट शाफ्टच्या मध्यापासून ५० मिमीवर एका जागी कापला जाईल असा बसवला, तर तो साधारण १,२०० न्यूटन-मीटरला तुटतो, आणि १०.९ ग्रेडचा १,५०० ला. मात्र हा आकडा बोल्टच्या गुळगुळीत दांड्यावर काप येत असेल तरच खरा. कापाच्या जागी आटे आले तर ताकद पाऊण पटीवर येते आणि बोल्ट विनाकारण तुटत राहतो. मग वैतागून कुणीतरी एम १० घालतो. तो १,९०० च्या जवळपास तुटतो, म्हणजे संरक्षण गेलेच म्हणायचे. बोल्टाच्या डोक्यावरचा ग्रेड वाचून बोल्ट घ्या आणि सुटे बोल्ट डब्यात ठेवा, म्हणजे हाताला लागेल तो घालायची वेळ येत नाही.

चिखलाच्या कामासाठी मात्र माझी पसंती स्लिप क्लचला आहे. चिखलात पकड क्षणाक्षणाला बदलते. बोल्ट तुटतो तो नेमका ट्रेलर सर्वांत खोल रुतलेला असताना, आणि मग गुडघाभर चिखलात शाफ्टखाली जाऊन तो बदलायचा. स्लिप क्लच क्षणभर घसरतो आणि पुन्हा धरतो. तो पुढच्या, म्हणजे ट्रॅक्टर आणि ट्रेलर यांच्यामधल्या, शाफ्टच्या ट्रेलरकडच्या टोकाला बसवा आणि १,५०० न्यूटन-मीटरवर लावा. तपासायची पद्धत सोपी: क्लचची एक बाजू पक्की धरून ठेवा, दुसऱ्या बाजूच्या योकला (जॉइंटच्या दुशाखी टोकाला) दीड मीटरचा भक्कम पाइप आडवा बांधा आणि टोकाला वजनकाटा लावून खाली ओढा. १०० किलोला क्लच घसरला म्हणजे १,४७० न्यूटन-मीटर झाले. पाइपच्या झेपेत कुणी उभे राहू नये. घसरताना क्लच तापतो, त्यामुळे तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त घसरू देऊ नका. तेवढ्यात ट्रेलर हलला नाही तर तो आता इंजिनच्या जोरावर हलणार नाही, माल उतरवा.

मर्यादा १,५०० वर बांधली की शाफ्ट निवडणे सोपे होते. विक्रेत्याला अश्वशक्ती सांगू नका, न्यूटन-मीटरमध्ये विचारा. नेहमीच्या कामाची ताकद १,२०० च्या वर (खाली सांगितलेल्या गिअरपेटीमुळे पिनियनवरचे १,३०० पुढच्या शाफ्टवर सुमारे १,१८० होतात) आणि कमाल ताकद १,५०० च्या दुप्पट, असा शाफ्ट हवा. शेतीच्या शाफ्टमध्ये हा बराच वरच्या मालिकेचा येतो. ट्रकचा प्रोपेलर शाफ्ट टॉर्कला सहज पुरतो आणि मागच्या बाजूला तोच वापरावा. पुढे, ट्रॅक्टर-ट्रेलर जोडणाऱ्या हिचवर, तो चालत नाही. त्याचे जॉइंट तेवढे वळत नाहीत आणि त्याची स्प्लाइनही (खाचांचा सरकता जोड) तेवढी सरकत नाही. बॅलन्सिंगची चिंता करू नका. दोनशे फेऱ्यांना शाफ्ट थोडा असमतोल असला तरी काही बिघडत नाही.

आता एक गोष्ट, जी पहिल्या जोडणीत हमखास सुटते. ट्रॅक्टरच्या मागे उभे राहून पुढे बघितले तर पीटीओ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. ट्रकचा प्रोपेलर शाफ्ट त्याच जागेवरून बघितला तर पुढच्या गिअरमध्ये काट्यांच्या उलट फिरतो. म्हणजे ट्रकचा अ‍ॅक्सल जसाच्या तसा जोडला तर ट्रॅक्टर पुढे आणि ट्रेलर मागे, अशी ओढाताण होईल. जोडण्याआधी ट्रेलरची दोन्ही चाके उचलून, पिनियन हाताने फिरवून दिशा बघा. ट्रॅक्टर पुढे जाताना ग्राउंड स्पीड पीटीओ कुठे फिरतो, तेही डोळ्यांनी बघून घ्या.

यावर काही जण अ‍ॅक्सल उलटा, पोट वर करून बसवतात. दिशा जुळते हे खरे. पण हायपॉइड गिअर (पिनियन क्राउनच्या मध्याच्या खाली असलेली जोडी) असेल तर पिनियन वर जातो, त्याच्या बेअरिंगला तेल पोचत नाही, तेलाची पातळी बघायचे बूच आणि ब्रीदर (हवा जायचे छिद्र) दोन्ही चुकीच्या जागी येतात, आणि सगळा जोर दातांच्या त्या बाजूवर येतो जी एरवी फक्त उतारावर इंजिनच्या रोधासाठी वापरली जाते. ती बाजू कमी ताकदीची असते. हलक्या कामाला चालून जाईल, चार टनांना नको. त्याऐवजी ट्रेलरच्या ड्रॉबारवर (ओढायच्या दांड्यावर) दोन सरळ दातांच्या गिअरची एक छोटी पेटी बसवा. दोन गिअरमुळे दिशा उलटते, दातांची संख्या बदलून वेग जुळवता येतो, आणि त्याच पेटीत डॉग क्लच (दात एकमेकांत अडकवणारा क्लच) घालून ट्रेलरची ओढ चालू-बंद करता येते. या पेटीवर पैसे खर्च करणे मला कोणत्याही महाग शाफ्टपेक्षा शहाणपणाचे वाटते.

वेग जुळवणे म्हणजे काय? ट्रॅक्टर एक मीटर पुढे गेला की ट्रेलरच्या चाकाचा परीघही एक मीटरच फिरला पाहिजे. हे कागदावरच्या टायरच्या मापावरून काढू नका, मोजा. कडक जमिनीवर २० मीटर अंतर खुणा करून आखा. ग्राउंड स्पीड लावून ट्रॅक्टर सावकाश चालवा आणि पीटीओच्या स्टबवर खडूची खूण करून, अंतर राखून, फेऱ्या मोजा. समजा ४६ आल्या, म्हणजे मीटरला २.३०. मग ट्रेलर भरलेला, टायरमध्ये कामाचीच हवा, आणि त्याचे चाक दहा फेऱ्या फिरेपर्यंत ओढून अंतर मोजा. २८.२७ मीटर आले तर एका फेरीला २.८२७ मीटर, आणि ६ च्या प्रमाणाने पिनियनला मीटरला २.१२ फेऱ्या हव्यात.

ट्रेलर बरोबरीने किंवा दोन-तीन टक्के मागे राहावा, पुढे कधीही नाही. पुढे धावणारा ट्रेलर ट्रॅक्टरला मागून ढकलतो आणि ट्रॅक्टर जरा वाकडा असला की त्याला आडवा करतो. दोन टक्के मागे म्हणजे मीटरला २.०८ फेऱ्या. २.३० ÷ २.०८ = १.१०६. पीटीओच्या बाजूला १९ दात आणि अ‍ॅक्सलच्या बाजूला २१ दात घेतले तर प्रमाण १.१०५ येते, म्हणजे ट्रेलर १.९ टक्के मागे. झकास जुळले. चिखलात ट्रॅक्टरचे चाक दहा-पंधरा टक्के घसरतच असते, त्यामुळे दोन टक्क्यांचा फरक लगेच भरून निघतो आणि ट्रेलर जोर देऊ लागतो.

ट्रॅक्टरचे मागचे टायर नवे घातले की हे गणित बदलते. झिजलेल्या आणि नव्या नक्षीत परिघाचा फरक तीन-चार टक्के सहज पडतो. टायर बदलला की २० मीटरची मोजणी पुन्हा करा.

याच कारणाने कडक रस्त्यावर ट्रेलरची ओढ बंदच हवी. चिखलात दोन टक्क्यांचा फरक घसरण्यात जिरतो. रस्त्यावर चाक घसरत नाही, मग तो फरक शाफ्टमध्ये पीळ होऊन साठत जातो. डॉग क्लचचा दांडा ओढला तरी सुटत नाही, एवढा तो आवळला जातो. अशा वेळी दांड्यावर हातोडा मारू नये. ट्रॅक्टर हातभर मागे घेतला की पीळ सुटतो आणि दांडा आपोआप निघतो.

वळणाचे गणित आणखी महत्त्वाचे आहे. ट्रेलरचे चाक वळणात ट्रॅक्टरच्या आतून जाते. ट्रॅक्टरचे मागचे चाक सहा मीटर त्रिज्येवर सतत वळत असेल, हिच मागच्या अ‍ॅक्सलपासून ०.८ मीटर मागे आणि हिचपासून ट्रेलरचा अ‍ॅक्सल ३.५ मीटर मागे असेल, तर ट्रेलर सुमारे ४.९ मीटर त्रिज्येवर चालतो. म्हणजे त्याला १८ टक्के कमी अंतर जायचे असते, आणि शाफ्ट मात्र त्याला सरळ वाटेइतकाच फिरवत असतो. सरळ वाटेवर दोन टक्के मागे असणारा ट्रेलर वळणात सोळा टक्के पुढे धावू पाहतो. सपाट चिखलात तो नुसता घसरतो. ओल्या उतारावर तो ट्रॅक्टरची मागची बाजू उताराकडे ढकलतो आणि ट्रॅक्टर कोलमडण्याचा खरा धोका तिथे आहे. शेताच्या टोकाला वळण्याआधी ओढ काढा, वळा, सरळ झाल्यावर थांबून पुन्हा घाला. कंटाळवाणे आहे, पण याला दुसरा उपाय नाही.

शाफ्टमध्ये फ्रीव्हील घातले तर हे टळेल का? नाही. फ्रीव्हीलमुळे ट्रेलरचे चाक शाफ्टपेक्षा वेगाने फिरू शकते, आणि वळणात नेमके उलटे हवे असते. फ्रीव्हीलचा खरा फायदा सरळ वाटेवर आहे. ट्रेलर तीन ते पाच टक्के मागे ठेवा, म्हणजे ट्रॅक्टर घसरत नाही तोवर फ्रीव्हील सुटा राहतो, शाफ्टमध्ये पीळ साठत नाही, आणि ट्रॅक्टर घसरू लागला की ट्रेलर आपोआप जोर देतो. पण रिव्हर्समध्ये तो उलटा वागतो. मागे जाताना तो अडकतो आणि कमी वेगाच्या शाफ्टला चाकांशी जखडतो, म्हणजे ट्रेलर ब्रेक लावल्यासारखा वागतो. तेव्हा फ्रीव्हील असले तरी मागे घेण्याआधी डॉग क्लच सोडायचाच.

आता हिचवरची रचना. युनिव्हर्सल जॉइंट कोनात असला की पुढच्या बाजूला एकसारखा फिरवून देत नाही. ३० अंशांच्या कोनात एका फेरीत दोनदा साडेतेरा टक्के मंदावतो आणि दोनदा साडेपंधरा टक्के वेगावतो. दुसरा जॉइंट तेवढ्याच कोनात असेल आणि शाफ्टचे आतले दोन्ही योक एकाच पातळीत असतील, तर हा झटका पूर्ण पुसला जातो. कोन सारखे राहावेत यासाठी हिच पिन दोन्ही जॉइंटच्या केंद्रांच्या बरोबर मध्ये यायला हवी. ट्रॅक्टरच्या जॉइंटपासून पिन ४५० मिमी असेल, तर पिनपासून गिअरपेटीचा जॉइंटही ४५० वरच ठेवा. मग ट्रेलर ६० अंशांत वळला तर दोन्ही जॉइंट ३०-३० अंश वाटून घेतात. पेटी २०० मिमी मागे बसवली की हे वाटप बिघडते, आणि पुढचा क्रॉस (जॉइंटमधला फुलीच्या आकाराचा भाग) मागच्याच्या आधी जातो. एकच क्रॉस वारंवार जात असेल तर ग्रीस बदलण्याआधी टेप घेऊन ही दोन अंतरे मोजा.

साध्या जॉइंटवर ओढ चालू असताना २५ अंशांपलीकडे काम करू नये, ३५ फक्त क्षणभर. दोन क्रॉसचा वाइड अँगल जॉइंट ७०-८० अंशांपर्यंत वळतो, पण चिखलात त्याची काळजी फार घ्यावी लागते. वळणात ओढ काढायची शिस्त असेल तर साधे जॉइंट पुरतात.

नळीची लांबी ठरवताना बहुतेक जण फक्त वळण बघतात, खड्डा बघत नाहीत. वरच्या मापांनी सरळ उभ्या जोडीत केंद्रापासून केंद्रापर्यंत ९०० मिमी असते. ६० अंश वळणात ते ७८० होते. शाफ्ट पिनच्या २५० मिमी वर असेल आणि ट्रॅक्टर चारीतून चढत असताना ट्रेलर अजून उतरत असेल, तर १५ अंशांच्या मोडीत अंतर ८२७ वर येते. वळण आणि चारी एकत्र आली तर ७१० च्या आसपास. उलट, बांध ओलांडताना वरच्या मोडीत अंतर ९५७ पर्यंत वाढते. म्हणून या जोडीला पूर्ण मिटल्यावर केंद्र ते केंद्र ६७० भरणारा शाफ्ट हवा, म्हणजे ४० मिमी मोकळीक राहते. ६७० मधून दोन्हीकडच्या योकचे प्रत्येकी साधारण १०० मिमी वजा जाता नळी ४७० उरते. ९५७ पर्यंत ताणल्यावर एकमेकांत १८० मिमी गुंतलेली राहते. एकतृतीयांश नळी नेहमी गुंतलेली हवी, आणि इथे ती आहे.

नळी कापायची असेल तर आतली, बाहेरची आणि दोन्ही गार्ड (शाफ्टवरची संरक्षक आवरणे), चारही सारख्याच मापाने कापा. कापलेल्या कडा कानशीने आतून-बाहेरून साफ करा. राहिलेली बारीक धार आतल्या नळीवर चरे पाडते, आणि चरा पडलेली नळी जोराखाली सरकत नाही. शाफ्ट मिटताना तळाला टेकला तर पीटीओचे बेअरिंग पुढे ढकलले जाते. पीटीओच्या सीलमधून तेल गळू लागले की पहिला संशय यावरच घ्या.

जोराखाली सरकण्याची ही अडचण समजून घेण्यासारखी आहे, कारण चिखलात ती दुप्पट होते. १,३०० न्यूटन-मीटर टॉर्क २५ मिमी त्रिज्येवरच्या नळीच्या कडांवर ५२,००० न्यूटनचा दाब टाकतो. घर्षण ०.१५ असले तर नळी सरकवायला ७,८०० न्यूटन लागतात, म्हणजे जवळपास ८०० किलोचा रेटा, आणि तो सरळ पीटीओच्या आणि पेटीच्या बेअरिंगवर जातो. ग्रीस सुकले, त्यात चिखलाची वाळू गेली, की हा आकडा आणखी वाढतो. म्हणून त्रिकोणी किंवा लिंबाच्या आकाराच्या नळीपेक्षा प्लास्टिक लेपाची स्प्लाइन असलेला शाफ्ट घ्या. महाग असला तरी बेअरिंग वाचतात. दर आठ तासांनी नळीत ग्रीस आणि दिवसाच्या शेवटी शाफ्ट एकदा पूर्ण ओढून मिटवून बघा. हाताने सरकत नसेल तर जोराखाली तो सरकणारच नाही.

स्प्लाइनचा एक तोटा आहे. लिंबाच्या आकाराची नळी दोनच प्रकारे बसते आणि दोन्ही प्रकारांत योक बरोबरच येतात. स्प्लाइन मात्र कितीही खाचा फिरवून बसवता येते. सोडण्याआधी दोन्ही भागांवर पंचने खूण करा. एक-दोन खाचा चुकल्या तरी शाफ्ट फिरतो, पण थरथरतो, आणि दोष गिअरपेटीवर येतो.

पेटीपासून अ‍ॅक्सलपर्यंतचा मागचा भाग तुलनेने सोपा. ड्रॉबारवर दोन प्लमर ब्लॉकवर (बेअरिंग बसवलेल्या बैठकींवर) सरळ दांडा, त्यामागे ट्रकचा प्रोपेलर शाफ्ट. अ‍ॅक्सल चॅसिसला पक्का बोल्ट केलेला असला तरी सरकणारी स्प्लाइन ठेवाच, कारण भरलेली चॅसिस वाकते. पाटे असतील तर भरल्या आणि रिकाम्या स्थितीत पिनियनचा कोन दोनदा मोजा आणि भरल्या स्थितीत दोन्ही जॉइंटचे कोन जुळवा. प्लमर ब्लॉकचे बेअरिंग दोन्ही बाजूंनी सीलचे घ्या. ब्लॉक ड्रॉबारच्या वर बसवा, खाली नाही. खाली बसवलेला ब्लॉक चिखलात नांगरासारखा चालतो. अ‍ॅक्सलच्या ब्रीदरला नळी जोडून ती ट्रेलरच्या फळीपर्यंत वर न्या. रस्त्यावरून गरम होऊन आलेले हाउसिंग थंड चिखलात बुडाले की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढले जाते. तेल दुधाळ दिसले तर पाणी इथूनच आले असे समजा.

क्रॉसला चिखलात आठ तासांनी ग्रीस द्या, लिथियम ईपी, दोन नंबरचे. नुसते पंप मोजू नका. चारही कपांच्या (क्रॉसच्या टोकांवरच्या बेअरिंगच्या टोप्यांच्या) सीलमधून जुने ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत द्या. तीन कपांतून आले आणि चौथ्यातून नाही, तर चौथ्याचा मार्ग बंद आहे आणि तोच कप आधी जळणार. योक किंचित हलवून, भार काढून पुन्हा द्या. तरीही आले नाही तर क्रॉस काढून बघा. धुताना जोरदार फवारा थेट कपावर मारू नका. सील बाहेर येणारे ग्रीस सोडते, फवाऱ्याच्या जोराने आत घुसणारे पाणी अडवायला ती बनवलेली नाही. ओला चिखल हाताने निघतो, वाळल्यावर तो गार्डला आतून शाफ्टशी चिकटवतो. मग गार्ड शाफ्टबरोबर फिरू लागतो, साखळी तोडतो आणि फाटतो. गार्ड फाटल्यावर शाफ्ट तसाच चालवू नका. दोनशे फेऱ्या डोळ्यांना सावकाश दिसतात, पण १,५०० न्यूटन-मीटरचा शाफ्ट ओल्या कपड्याचे टोक सोडत नाही. चिखल काढायला हात घालण्याआधी ओढ काढून, इंजिन बंद करून, किल्ली खिशात घ्या. ट्रेलर उतारावर असेल तर चाकांना उटी (अडवणारे ठोकळे) लावा, कारण ग्राउंड स्पीडवर चाक हलले तरी शाफ्ट फिरतो.

मोडलेला भाग नीट वाचला तर कारण सापडते. नळी पिळली म्हणजे टॉर्क जास्त झाला, क्लच आवळलेला किंवा गंजून चिकटलेला. नळी वाकली म्हणजे शाफ्ट तळाला टेकला. क्रॉसच्या दांड्यावर सुयांच्या आकाराच्या समांतर खाचा दिसल्या तर धक्क्यांचा अतिभार. एकाच दांड्यावर निळसर-काळा डाग म्हणजे त्या कपात ग्रीस पोचले नाही. योकचा कान तडकला असेल तर कोन जास्त झाला, आणि योक एकमेकांना घासल्याच्या खुणा आतल्या कडेला दिसतील. पीटीओ स्टबच्या खाचा एका बाजूने झिजल्या असतील तर योकचा लॉक नीट बसत नाही. असा योक नव्या स्टबवर चढवू नका, नवा स्टब महिन्याभरात तसाच होतो.

सगळ्यांत मोठा धोका मात्र एका लिव्हरमध्ये आहे. ट्रेलरची ओढ चालू असताना पीटीओ चुकून ५४० च्या ठरावीक गतीवर पडला, तर वरच्या गिअरजोडीने ट्रेलरची चाके ताशी जवळपास १४ किलोमीटरने फिरू पाहतात, ट्रॅक्टर उभा असला तरी. म्हणून लिव्हर ग्राउंड स्पीडवर असताना खिटी घालून बांधून टाका आणि ट्रेलर सोडल्यावरच काढा. ज्या ट्रॅक्टरला ग्राउंड स्पीड पीटीओच नाही, त्याला ही जोडणी करता येत नाही. क्लच दाबून-सोडून ५४० वर जमवू, हा विचार मनातून काढून टाका. तिथे चाकात हायड्रॉलिक मोटर बसवणे हाच मार्ग. त्यात वेग जुळवायची कटकट नसते, पण मोठ्या पंपाचे तेल आणि थंड करायची सोय लागते.

आणि टायर. साध्या गुळगुळीत ट्रेलर टायरवर एवढा खर्च वाया जाईल. ट्रॅक्टरसारखी खोल नक्षी हवी, वरून बघताना तिच्या V चा टोकदार भाग पुढे असेल अशी बसवलेली. हवा टायरच्या तक्त्यात त्या भाराला दिलेल्या किमान दाबावर, त्याखाली नाही. अशा खोल नक्षीच्या टायरने पकड आणखी वाढते, म्हणजे टॉर्कही वाढतो. टायर बदलल्यावर ०.४ च्या जागी ०.५ धरून वरचे गणित पुन्हा करा, म्हणजे पिनियनवर १,६०० च्या पुढे जाईल. आमच्या पेटीच्या प्रमाणाने पुढच्या शाफ्टवर ते १,४८० होते, म्हणजे १,५०० चा क्लच जेमतेम धरतो. सतत घसरू लागला तर भार कमी करायचा, क्लच आवळायचा नाही.

हंगाम संपल्यावर स्लिप क्लचचे नट सैल करून ठेवा. तसाच आवळून ठेवला तर पावसाळाभर प्लेट गंजून एकजीव होतात, आणि पुढच्या हंगामात तो क्लच नावालाच राहतो. पुन्हा लावताना आधी सैल अवस्थेत दोन-तीन फेऱ्या घसरवून गंज झाडून घ्या, मग पाइप आणि वजनकाट्याने १०० किलोवर लावा आणि नटांवर रंगाची खूण करा.